बिनचिंचेची चटणी

आमच्या कोविलपट्टीकडच्या काळ्या रानात कांडवेल कुणी लावत नाही. निवडुंगाच्या कुंपणावर ती आपली आपण चढते आणि सगळं करपलं तरी हिरवीगार राहते. हाड मोडलं की तिचा लेप, भूक मेली की तिची चटणी. चटणी मात्र जपून करायची. शेंड्याची कोवळी कांडी घ्यायची, हातांना तिळाचं तेल चोळून कांडीच्या कडांचे दोरे काढायचे, रंग पालटेपर्यंत परतायची आणि चिंच सढळ हाताने घालायची. नाहीतर घसा असा खाजतो, की बोलायची सोय नाही.

माझ्या थोरल्या बहिणीला, चेल्लक्कनीला, बघायला मंडळी आली ती सकाळच्या बसने. परतीची बस संध्याकाळी, म्हणजे जेवण आलंच. मुलगा मुत्तुकुमार अक्काने देवळाच्या जत्रेत आधीच हेरला होता; तिला हे स्थळ हवंच होतं. अडचण त्याच्या आईची. इसक्कियम्माने बऱ्याच मुली चुलीपाशीच नापास केल्या होत्या.

ती थेट स्वयंपाकघरातच येऊन बसली. अक्काने चिंच उचलली तशी म्हणाली, "ए पोरी, चिंच नको. माझ्या मुलाचे दात आंबतात."

"अत्तै, कांडवेल आहे ही. घसा धरेल."

"मला शिकवतेस? आमच्याकडे चिंच लागत नाही."

त्यांच्याकडे चटणी थोरली जाऊ करायची आणि ही नुसती खायची, हे आम्हाला मागाहून कळलं. अक्काने चिंच खाली ठेवली. इसक्कियम्मा समाधानाने बाहेर गेली.

"चटणी वाट," अक्का मला म्हणाली. "बिनचिंचेचा एक गोळा बाजूला काढ. मग उरलेल्यात चिंच घाल."

"गोळा कुणाला?"

"जिने मागितला तिला."

पानं मांडली. इसक्कियम्माने भातात चटणी कालवून दोन घास घेतले आणि गप्प झाली. मग पाणी प्याली, मग ताक, मग गूळ मागितला.

"अम्मा, चटणी काय झालीय! तू का बोलत नाहीस?" मुत्तुकुमार म्हणाला.

"जेव... गप," फाटक्या ढोलासारखा आवाज आला.

तिचे यजमान खुशीत म्हणाले, "लग्नानंतर आज पहिल्यांदा शांतपणे जेवतोय. पोरी, ही रोज करत जा!"

अक्का मात्र पांढरी पडली. इसक्कियम्मा हात धुऊन आत आली. दुसऱ्या भांड्यातली चटणी बोटाने चाखली. आंबट! तिने अक्काकडे पाहिलं, चिंचेचं बुटुक तोंडात टाकलं आणि बराच वेळ चोखत उभी राहिली.

"माझाही शब्द राखलास, माझ्या मुलालाही वाचवलंस," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "असली लबाड पोर दुसऱ्याच्या घरी जाण्यापेक्षा माझ्याच घरात बरी. बापाला बोलाव. आणि ताक आण आधी!"

देण्याघेण्याची बोलणी तेव्हाच उरकली. विहीणबाईंना आवाज फुटत नव्हता म्हणून आपण स्वस्तात सुटलो, असं अप्पा शेवटपर्यंत सांगत.