चिखलात टिकणारं लेबल

पेणच्या आपल्या लेबल-छपाईच्या दुकानात निकेशने लेबल लावलेला प्लॅस्टिकचा डबा बादलीत बुडवला, पाण्याखाली गदागदा हलवला आणि बाहेर काढून दिनानाथच्या पुढ्यात ठेवला.

“घ्या काका. घासून बघा.”

दिनानाथने अंगठ्याने घासलं. मग नखाने कोपरा उचकटून पाहिला. लेबल जागचं हललं नाही, पण त्याचं समाधानही काही झालं नाही.

शेजारच्या खुर्चीत त्याच्या बायकोचा, अनिताचा भाऊ सुशील किल्ल्यांचा जुडगा हातात खेळवत बसला होता. किल्ल्या पेणमधल्याच एका गाळ्याच्या होत्या. पायऱ्या चढून जायचा, कोरडा ठणठणीत गाळा. कोणाकोणाच्या हातापाया पडून सुशीलने तो बहिणीसाठी अडवून ठेवला होता. आज नवराबायको नागोठण्याहून आली ती गाळा बघायला, अशीच अनिताची समजूत होती. त्यासाठी तिने ठेवणीतली साडी नेसली होती. लेबलांचं काम जाता जाता उरकायचं होतं, पण आल्यापासून दिनानाथ निकेशच्या काउंटरला चिकटला होता तो हलायचं नाव घेत नव्हता.

“भावोजी, साधी कागदी घ्या की,” सुशील म्हणाला. “गाळ्यात काय पाणी शिरणार हाय?”

दिनानाथ नुसता ‘हं’ म्हणाला. त्याच्या ‘हं’चे सगळे प्रकार अनिताला पाठ होते. त्यातला होकाराचा एकही नव्हता.

नागोठण्याला त्यांचं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. सील, बुश, वॉशर, बेअरिंग असला बारीकसारीक माल, हारीने लावलेल्या डब्यांत. अंबा नदी फुगली की रस्ता ओलांडून तडक दुकानात शिरायची. गेल्या पावसाळ्यात डबे दुकानभर तरंगले, झाकणं उघडली, लेबलांचा लगदा झाला. पाणी उतरल्यावर सगळा माल एकच ढीग होऊन पडला. दोन वस्तूंत एका सुताचा फरक, आणि वर चिखलाचा थर. अनिता परसात घमेली मांडून दिवस दिवस रॉकेलने एकेक नग धुवायची आणि दिनानाथ अंदाजाने वेगळे काढायचा. त्या अंदाजापायीच काळुरामला चुकीचं सील गेलं आणि त्याचा पंप जळला. काळुराम भांडला नाही. तो जुनं गिऱ्हाईक होता. त्याने जळका पंप काउंटरवर ठेवला आणि निघून गेला, तो पुन्हा दुकानाची पायरी चढला नाही. त्या दिवशी दिनानाथ जेवला नव्हता. “बास झालं आता. पेणला जाऊ,” असं तो स्वतःच्या तोंडाने म्हणाला होता, आणि अनिताने ते मनात घट्ट धरून ठेवलं होतं.

“काका, हे पॉलिस्टरचं हाय. ह्याच्या वरचं काय नाय माझ्याकडं,” निकेश म्हणाला. “पाण्याला दाद देत नाय.”

“साध्या पाण्याला,” दिनानाथ म्हणाला.

त्याने पायाशी ठेवलेल्या पिशवीत हात घातला आणि पाण्याची बाटली काढली. वाटेत लागेल म्हणून पाणी घेतलंय, असं सकाळी अनिताला वाटलं होतं. बाटलीत तळाशी करडा गाळ बसला होता आणि वर तेलकट तवंग होता. दिनानाथने ती जोरात हलवली, निकेशच्या बादलीत रिकामी केली आणि डबा स्वतःच्या हाताने आत दाबून धरला. दुकानात रॉकेलचा आणि नदीचा वास सुटला. घमेल्यातला तो वास अनिताच्या नाकात अजून बसलेला होता. दुकान हलवणारा माणूस घरून नदीचा गाळ घेऊन निघत नाही, एवढं कळायला तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिला संताप आला. एवढं ठरवलंच होतं तर ही साडी नेसू कशाला दिली, असं विचारावंसं वाटलं, पण दुकान परक्याचं होतं.

सुशीलचा किल्ल्यांचा खेळ थांबला.

“म्हणजे तुमचा बेत नाय तर,” तो म्हणाला. “आधी तरी सांगायचं. मी त्या मालकाला काय तोंड दाखवू?”

दिनानाथ बादलीकडेच बघत होता. “पेणमधे माझं कोण अडलंय, सुशील? इथं अशी दुकानं गल्लोगल्ली हायत. तिथं पूर उतरला का सगळ्यांचे पंप बंद. पार गडब गावापासून माणसं येतात. तेवढ्यावर आमचं वर्ष निघतं.”

“आणि तोच पूर तुमचं दुकान धुऊन नेतो.”

“व्हय.”

“मग?”

“मग काय. त्याच्यावरच चाललंय.”

इतकी वर्षं गल्ल्यावर बसून अनिताला हा हिशेब ठाऊक नव्हता असं थोडंच होतं. तिने तो कधी मांडला नव्हता, इतकंच. सुशीलने किल्ल्या खिशात टाकल्या. “येतो, ताई,” म्हणाला आणि तिच्याकडे न बघताच बाहेर पडला. रस्त्यावर त्याची मोटारसायकल सुरू झालेली तिला ऐकू आली.

दिनानाथने डबा वर काढला, फडक्याने पुसला. लेबलावरचं अक्षर न् अक्षर शाबूत होतं. तो पहिल्यांदाच बायकोकडे वळला. त्याने डबा तिच्यासमोर धरला; चेहरा खुलला होता. आनंद व्हावा असं त्यात काय होतं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“हेच छापू ना मग?” निकेशने कंप्युटर पुढे ओढला. “वर दुकानाचं नाव येईल, खाली गाव. गाव काय टाकू?”

दिनानाथ बादलीतल्या गढूळ पाण्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडून काही ते नाव निघेना. निकेश बोटं कीबोर्डवर ठेवून एकदा ह्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता.

“नागोठणे टाक,” अनिता म्हणाली.

त्याने टाइप केलं.

“आणि अक्षर जरा मोठं ठेव रे बाबा. धुताना हात चिखलाचे असतात. मला चष्मा लावता येत नाय.”