जेवल्यावरची गोळी

उत्कर्षानं माझ्या बायकोच्या, प्रयागच्या दंडाचा पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा फुगवला. तिसऱ्यांदाही आकडा तोच आला, तेव्हा मी हातातला पाना खाली ठेवला. उत्कर्षा आमच्या शेळगावची आशाताई. दारोदार बीपी मोजत फिरते म्हणून मी तिला फुगेवाली म्हणून चिडवायचो.

"आत्या, दोनशेला टेकलंय. गोळ्या घेताय न्हवं?"

घेते की, म्हणाली प्रयाग. उत्कर्षानं पाकीट मागून घेतलं, तर निम्म्या गोळ्या जागच्या जागी. नवरात्राची सातवी माळ होती. बत्तीस वर्षं माझी बायको हे नऊ दिवस फळांवर काढते. शिवाय सोमवार, चतुर्थी, एकादशी आहेतच.

"डाक्टर म्हनले, जेवल्यावर घ्यायची. जेवनच न्हाय तर गोळी कशी घिऊ?" प्रयाग म्हणाली. "आन् मला दुखतंय कुठं?"

"दुखत न्हाय हाच त्याचा दगा हाय, आत्या. आतल्या आत काळीज, किडनी खराब हुती. एक दिस मेंदूतली शीर फुटती."

मला भिमा आठवला, माझा धाकटा भाऊ. त्यालाही काही दुखत नव्हतं. जेवताना हातातला घास गळाला आणि तो तसाच कलंडला, तो गेलाच. मी विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो. मोटार जळायच्या आधी तापते, वास येतो. बायकोचं मात्र मला काहीच कळलं नव्हतं.

उत्कर्षानंच गाडी बोलावली, इंदापूरच्या दवाखान्यात प्रयागला दाखल करून शेवटपर्यंत थांबली. दुसऱ्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, गोळी रोज, आणि सध्या उपास बंद. प्रयाग गाडीत रडायला लागली. दुखण्याचं तिला काही नव्हतं.

"देवीला काय सांगू आता?"

"सांग, ऱ्हायलेले उपास ह्यो मानसिंग धरतोय," मी म्हणालो. दिवसातून चारदा खाणारा मी. ती रडता रडता हसली.

नवव्या माळेला उत्कर्षानं पुन्हा पट्टा बांधला. आकडा बराच उतरला होता. "पोरी, तुझं लई उपकार हायेत," मी म्हणालो. फुगेवाली म्हणायला जीभच रेटली नाही.

ती गेल्यावर प्रयाग घटासमोर भाकरी घेऊन बसली. मी शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन, उपाशी. माझं वाढून झाल्यावर ती कधी जेवायची, काय जेवायची, मी कधी विचारलंच नव्हतं. इतक्या वर्षांत त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा पोटभर जेवताना पाहिलं. तिचं झाल्यावर मी गोळी तिच्या हातावर ठेवली.