मला मारायला तिचा हात उठेना

मी काळगिळ्या बोलतोय. पाताळाचा राक्षसदेव. तीन डोकी, अकरा शेपट्या, नाकातून धूर. घाबरलात? नाही ना? जाऊ दे, सवय आहे मला.

मी राहतो एका खेळात. खेळ सोपा आहे. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातले वीर होतात, आणि कोण जगलं, कोण मेलं ते फासा ठरवतो. गोष्ट सांगायचा दादा. त्यानेच मला मातीच्या गोळ्यातून जन्माला घातलं. त्याला हात बनवता येईनात, म्हणून मला शेपट्या. मधलं डोकं वाळताना कलंडलं, त्यामुळे मी सगळ्यांकडे संशयाने बघतोय असं वाटतं.

वीर दोनच. दादाची बहीण छोटी, ती तलवारवाली. आणि शेजारचा ढापण्या, जादूगार. मंत्राने डोंगर हलवतो म्हणे, पण स्वतःचा चष्मा सापडत नाही.

माझं काम एकच, वाईट वागणं. गावं जाळली, राजे गिळले. माझ्या मनात काही नसतं हो. दादा घोगरा आवाज काढायचा आणि नाव माझं खराब व्हायचं.

खेळाच्या टेबलाचा एक नियम होता. फासा हातात असताना तोंडातून जे निघेल, ते खेळात बोलल्यासारखं धरायचं. एकदा टेबल पुसताना आईने फासा उचलला आणि ओरडली, "उठा रे, हात धुवा, जेवायला चला!" दादा म्हणाला, "नियम म्हणजे नियम." झालं! माझी अख्खी भुतांची फौज लढाई सोडून हात धुवायला गेली. मला हातच नाहीत, तरी मीही गेलो. आईपुढे कुठल्या देवाचं चालतं?

मग दादाला लांबच्या शहरात नोकरी लागली. जायच्या आदल्या दुपारी तो म्हणाला, "आज काळगिळ्याला संपवून टाकू. खेळ अर्धवट नको राहायला."

छोटीने काय करावं? मला भोसकायचं सोडून घोड्याला पाणी पाजलं. तलवारीला धार लावली. परत घोड्याला पाणी पाजलं.

ढापण्या वैतागला. "अगं, घोडा फुटेल आता! मार की त्याला!"

"तू गप रे. तयारी नको का?"

"दादाची गाडी सुटेल, पण तुझी तयारी काही व्हायची नाही."

शेवटी काही निमित्तच उरलं नाही. मी घायाळ, पालथा. एक शेपूट तर खरोखरच तुटलेली, ढापण्याच्या कोपराने. छोटीने फासा मुठीत धरला, पण टाकेना.

"टाक ना गं," दादा म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "तू गेल्यावर मी कोणाशी खेळू?"

फासा मुठीतच होता. म्हणजे नियमाने हे तिने मला विचारलं. उत्तर मीच द्यायला हवं.

दादाने घसा खाकरला. घोगरा आवाज काढायला गेला, तर तो मध्येच फाटला. "पोरी," मी म्हणालो, "मारू नकोस मला. सांभाळ. गावं कशी जाळायची ते मी शिकवतो तुला." आणि दादा उठला, आपल्या गोष्ट सांगायच्या खुर्चीत त्याने तिला बसवलं, स्वतः ढापण्याशेजारी जाऊन बसला.

ढापण्या म्हणाला, "म्हणजे घोड्याला एवढं पाणी फुकटच पाजलं?"

छोटी नाक पुसता पुसता हसली.

आता माझा आवाज शिट्टीसारखा बारीक झालाय. दादा रविवारी फोनवरून खेळतो. पहिल्याच दिवशी ऐटीत म्हणाला, "माझा वीर सरळ काळगिळ्याच्या देवळात घुसतो. या राक्षसाची सगळी गुपितं माहितीयेत मला."

छोटीने जरा विचार केला. मग मी त्याला चपलांसकट गिळलं.

"अगं, मोठा भाऊ आहे मी तुझा!" फोन ओरडला.

"राक्षसाला भाऊबिऊ नसतो," मी किणकिणलो.

पण तुम्हाला म्हणून सांगतो, मी त्याला चावलो नाहीये, नुसता गिळलाय. आत नीट बसवलाय. दर रविवारी तो बाहेर यायची धडपड करतो, आणि छोटी काही माझ्या पोटाचं दार उघडत नाही. तेव्हा वीर मंडळींनो, इकडे आलात तर हात जोडून विनंती, म्हणजे शेपट्या जोडून: पोटावर तेवढा वार करू नका.