दुसरी चावी

त्याने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं आणि करारातल्या एका कलमावर बोट ठेवलं.

"एवढं काढता नाही येणार?"

"ते सगळ्यांनाच आहे," मॅनेजरबाई म्हणाल्या. "नोकरीत असेपर्यंत बाहेरचा कोड लिहायचा नाही. घरीसुद्धा नाही."

"पण तुम्ही मला बोलावलंत ते माझा तो फुकटचा प्रोग्रॅम बघूनच ना?"

"म्हणून तर! इतकं नेटकं काम करणारा माणूस आम्हाला पूर्ण हवाय."

तो प्रोग्रॅम अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवायचा. कोणी कवडीही देत नसताना त्याने तो वर्षानुवर्षं सांभाळला होता. पण आधीची नोकरी गेल्यापासून घर बायकोच्या एकटीच्या जिवावर चाललं होतं, आणि ती हल्ली बोलायचीच बंद झाली होती. भांडली असती तर बरं वाटलं असतं. त्याने सही ठोकली.

घरी येताच त्याने लॅपटॉप उघडला. प्रोग्रॅममध्ये बदल करायची चावी, म्हणजे पासवर्ड, जगात दोघांकडेच होती. एक तो, दुसरा मुंगळा. हे टोपणनाव त्यानेच ठेवलेलं, कारण एकदा चूक पकडली की हा गडी सोडत नसे. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं, पण मुंगळ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय इथली एक ओळ पुढे सरकत नसे.

'सोमवारपासून मी नाही. नोकरी लागली, अट तशीच आहे,' त्याने लिहिलं. 'आता सगळं तुझ्यावर.'

उत्तर लगेच आलं.

'थट्टा करतोस? मी हेच लिहायला बसलो होतो. कालच सही केली. माझ्याकडेही तीच अट.'

आणि थोड्या वेळाने आणखी एक ओळ.

'तू आहेस म्हणून केली रे.'

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. खाली एका अंध शिक्षकांचा निरोप येऊन थांबला होता: 'सकाळपासून प्रोग्रॅम मुका झालाय. मुलांचे निबंध वाचायचेत. पण घाई नाही, तुम्ही आहातच.'

बायको दारात येऊन उभी राहिली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसत होता.

"केलीस सही?"

"केली."

"मग ते तुझं फुकटचं आता कोण बघणार?"

"मुंगळा आहे ना," तो म्हणाला आणि मान खाली घालून शिक्षकांनी कळवलेला बिघाड दुरुस्त करायला लागला. सोमवारला अजून थोडा अवकाश होता.