ओरिनच्या भिंतीवरचा मीटर

मित्रांनो, मी एक जुना विजेचा मीटर आहे, आणि ज्या माणसाने माझ्यासाठी सगळ्या गावासमोर कंपनीशी भांडण काढलं, त्याला मी मुळीच आवडत नव्हतो. हे कळायला मला फार वेळ लागला. मीटरला डोकं नसतं, नुसती काच असते.

माझा जन्म कारखान्यात झाला. गोल काच, आत पाच छोट्या तबकड्या, प्रत्येकीवर एक काटा, आणि खाली एक आडवी चकती. घरात वीज वापरली की चकती फिरते. शेजारशेजारचे काटे उलटसुलट दिशांना फिरतात. असं का, ते आम्हालाही कुणी सांगितलेलं नाही. मला अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात एका डोंगराळ खेड्यात ओरिन पेलेटिएच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर ठोकलं. तेव्हा घरात त्याची बायको ग्लेंडा होती. ती केक भाजायची, कपडे वाळवायचं यंत्र दिवसभर घरघरायचं, नाताळात छतापर्यंत दिवे लागायचे आणि मी गरगर फिरायचो. ते माझे कर्तबगारीचे दिवस.

मग ग्लेंडा गेली. त्या महिन्यात माझी चकती निम्म्याने मंदावली. लोकांना वाटलं मीटरलाही दुःख झालं. दुःख कसलं, वाळवणयंत्र बंद झालं होतं.

त्यानंतर ओरिनकडे महिन्यातून एकच माणूस यायचा. तो माझ्याकडे यायचा. ड्वेन हचिन्स, वीज कंपनीचा, माझे काटे वाचून आकडा टिपून नेणारा. तो येणार त्या सकाळी ओरिन दाढी करायचा, डोनट तळायचा आणि अंगणात उगाच पानं गोळा करत उभा राहायचा. भर हिवाळ्यात पानं नसायची, तेव्हा तो बर्फ एका बाजूचा दुसऱ्या बाजूला टाकायचा. ड्वेन दिसला की म्हणायचा, "अरे, तू होय? माझ्या लक्षातच नव्हतं." मग गुडघा, विहिरीचा पंप, ॲरिझोनातली मुलगी आणि यंदा मेपलच्या झाडांचा गोड रस कसा पाणचट आहे, हे सगळं ओळीने यायचं. ड्वेन माझ्याकडे तोंड करून उभा राही आणि ओठांतल्या ओठांत ओरिनला शिव्या देई. त्या फक्त मला ऐकू येत.

पुढे ड्वेनने छोटी दुर्बीण आणली. ही मंडळी कुत्र्यांच्या भीतीने ती बाळगतात. ओरिनकडे कुत्रा नव्हता, ओरिन होता. ड्वेन शेजारच्या गोठ्याआड उभा राही, दुर्बिणीतून माझे काटे वाची आणि पसार होई. डोनट थंड होत. ओरिन सलग काही महिने बर्फ इकडून तिकडे टाकत राहिला. मग त्याला कळलं. त्याने माझ्यासमोर एक भलंमोठं लायलॅकचं फुलझुडूप आणून लावलं. आता मला वाचायचं तर अंगणातून येऊन फांद्या बाजूला सारणं भाग होतं. ड्वेन फांद्यांत डोकं घाली आणि मागून आवाज येई, "अरे, तू होय?"

अशी आमची घडी बसली होती, तेवढ्यात कंपनीने जाहीर केलं की घरोघरी स्मार्ट मीटर बसणार. ते आपला आकडा आपणच हवेतून ऑफिसला कळवतात. वाचायला माणूस लागत नाही.

गावात लोर्ना फिलब्रिक नावाची बाई होती. तिचं म्हणणं, त्या मीटरांच्या लहरींनी डोकं दुखतं आणि तिच्या शेळ्यांचं दूध सडातच नासेल. ओरिन आधी तिला हसायचा. आता तो तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसू लागला आणि कपाळ चोळायला शिकला.

मार्चमध्ये गावसभा झाली. वर्षातून एकदा सगळं गाव जमतं, हात वर करून ठराव करतं आणि मग एकत्र जेवतं. मी भिंतीवर होतो, पण लोर्नाने माझ्यासमोर उभं राहून ती हकिकत इतक्यांदा सांगितली की मी तिथे असल्यासारखंच आहे. ठराव असा होता की ज्याला नवा मीटर नको त्याने जुना ठेवावा. ओरिन उठला आणि म्हणाला, माझं डोकं फार दुखतं. कंपनीच्या माणसाने अदबीने विचारलं की या गावात अजून एकही नवा मीटर बसलेला नाही, मग डोकं कशाने दुखतं?

"सराव चाललाय," ओरिन म्हणाला. "ऐन वेळी जमलं नाही तर पंचाईत व्हायला नको."

सगळं गाव हसलं आणि हसता हसता ठराव मंजूर झाला. मग लोर्नाने एक पुरवणी वाचली. तोवर मागच्या टेबलावरच्या बीन्सच्या पातेल्याचं झाकण कुणीतरी उघडलं होतं. वास सभागृहभर पसरला, आणि अशा वेळी आमच्या गावातला माणूस कशालाही हात वर करतो. ओरिनने दोन्ही केले.

घरी येऊन त्याने माझी काच रुमालाने पुसली. "वाचलास," म्हणाला. मित्रांनो, मला वाटलं, हेच ते प्रेम.

पुढच्या महिन्यात ड्वेन आमच्या गल्लीत आला, पण नवे मीटर बसवायला. कंपनीने त्याला तेच काम दिलं होतं. तो घरोघर थांबत होता. समोरच्या घरी त्याने कॉफी घेतली, शेजारी पायऱ्यांवर बसून गप्पा मारल्या. ओरिन डोनटची बशी घेऊन कुंपणाशी उभा होता. त्याने हाक मारली.

"येता येत नाही, मिस्टर पेलेटिए," ड्वेन रस्त्यावरूनच म्हणाला. चेहऱ्यावर सणासुदीचा आनंद होता. "जुना मीटर ठेवणाऱ्याच्या आवारात, त्याने नवा मागितल्याशिवाय, कंपनीच्या माणसाने पाऊल टाकायचं नाही. गावाच्याच ठरावाची पुरवणी आहे. तुम्ही तर दोन हात वर केले होते म्हणे."

"मग माझा मीटर वाचणार कोण?"

"तुम्हीच. वाचायचा आणि फोनवर सांगायचा." मग त्याने कुंपणावरून एक डोनट उचलला, आभार मानले आणि शेजारच्या कुत्र्याला घातला.

तेव्हापासून ओरिन दर महिन्याला फांद्या बाजूला सारून माझ्यासमोर उभा राहू लागला. फोनवर एक ध्वनिमुद्रित बाई आकडा विचारायची. ओरिन आधी तिला गुडघ्याचं सांगायचा. ती म्हणायची, "समजलं नाही, आकडा पुन्हा सांगा." तो पंपाचं सांगायचा. तिला तेही समजायचं नाही. मग त्याने मुद्दाम खोटे आकडे सांगायला सुरुवात केली. एका महिन्यात त्याने अख्खा तालुका उजळेल इतकी वीज वापरली, दुसऱ्या महिन्यात कंपनीलाच वीज पुरवली. कुणीतरी चौकशीला येईल अशी आशा होती. बाई म्हणाली, "धन्यवाद."

शेवटी त्याने कंपनीला फोन केला आणि नवा मीटर मागितला. लोर्नाने त्याला भर दुकानात गद्दार म्हटलं आणि शेळीचं चीज देणं बंद केलं. ओरिनने घरी येऊन कपाटातून इस्त्रीचा सदरा काढून ठेवला.

ड्वेन आला. या वेळी त्याला अंगणात यावंच लागलं. ओरिन त्याच्या मागेच उभा राहिला आणि गुडघ्यापासून सुरू झाला. ड्वेनने मला दोन हातांनी धरून उपटलं. घर क्षणभर गप्प झालं, फ्रिजसुद्धा. मला जमिनीवर ठेवून त्याने नवा तिथे दाबून बसवला.

"बिघडला तर तू येशील ना?" ओरिनने विचारलं.

"बिघडला तर तो स्वतःच ऑफिसला कळवतो. तुम्ही फोनसुद्धा करायचा नाही."

"आणि ऑफिस तुला पाठवेल."

"ऑफिस बसल्या जागेवरून बघून घेतं. या गावात माझं हे शेवटचं घर, मिस्टर पेलेटिए. उद्यापासून मी दुसऱ्या जिल्ह्यात."

ओरिनने डोनटची बशी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मग जरा सावकाश कर की," तो म्हणाला.

"झालंसुद्धा," ड्वेन म्हणाला.

मला त्याने गाडीतल्या खोक्यात टाकलं. तिथे गल्लीतले सगळे जुने मीटर आधीच पडलेले होते, बऱ्याच जणांच्या काचा फुटलेल्या. ओरिनने गाडीच्या खिडकीतून बशी आत दिली. नाक्यावर पोचेपर्यंत ड्वेनने तिच्यातले डोनट संपवले आणि म्हणाला, च्यायला, चांगले करतो की म्हातारा.

मित्रांनो, आता माझ्यासारख्याने म्हणायचं असतं की जुन्या वस्तू जपा. मला जपू नका. मला वितळवून कुठेतरी पातेल्याचा कान करतील, त्यात माझं काही वाईट नाही. पण तुमच्या कामाच्या वाटेवर कुणी दारात उभं राहून गुडघ्याचं सांगू लागलं, तर ऐका. ऐकवत नसेल आणि घड्याळच बघायचं असेल, तर बघा. पण मीटर वाचतोय असं दाखवा.