डाव्या बाजूची अनसूया

उमेळ्याच्या नरहरी सावेकडे हेडफोन घेऊन कुणी गेलं आणि म्हणालं, “काका, डावीकडून कमी येतंय,” की नरहरी मान वर न करता एकच सांगायचा, “उलटा घाल.” म्हणजे डावा कप उजव्या कानावर आणि उजवा डाव्यावर. कमीपणा दुसऱ्या कानाकडे सरकला, तर खोट हेडफोनात नाहीतर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. तो जिथल्या तिथेच राहिला, तर खोट कानात, आणि मग नरहरीच्या खोलीत बसून उपयोग नाही, सरळ डॉक्टर गाठायचा. नालासोपाऱ्याच्या विघ्नेशला त्याने असंच दारातून परत धाडलं होतं. विघ्नेशच्या कानातून मळाचा हा एवढा गोळा निघाला आणि तो पेढे देऊन गेला.

दहा सेकंदांची परीक्षा. नरहरीने ती शंभर जणांना करायला लावली असेल. स्वतः मात्र चार महिने केली नाही. विसरला म्हणावं तर तसंही नाही. उत्तर काय येईल ते त्याला पहिल्याच आठवड्यात ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याने ती केली नाही.

नरहरी अठ्ठावन्न वर्षांचा. वाडीतली केळी आणि मोगरा भावाच्या वाट्याला गेला, आता तिथे सात मजली इमारत उभी आहे. नरहरीच्या वाट्याला राहतं घर आलं आणि घरामागची, पूर्वी जिथे फुलांच्या करंड्या भरायचे ती खोली. त्या खोलीत तो हेडफोन दुरुस्त करायचा आणि हेडफोनसाठी हाताने अ‍ॅम्प बांधायचा. विरारपासून लोक यायचे ते त्याच्या सोल्डरिंगसाठी नव्हे, त्याच्या कानासाठी. “नरहरीकाकांनी ऐकून पास केलाय,” म्हटलं की वाद मिटायचा. माणसाला कशाचा तरी ताठा असतोच. नरहरीला कानाचा होता.

प्रत्येक नवा अ‍ॅम्प तो एकाच रेकॉर्डिंगवर पारखायचा. लग्न होऊन महिना झाला होता तेव्हाचं ते. आई आणि अनसूया ओटीवर मोगरा ओवत बसल्या होत्या आणि लग्नातली गाणी म्हणत होत्या. नरहरीने बांबूच्या दोन टोकांना दोन माइक बांधून तो त्यांच्यासमोर आडवा टांगला होता. उजव्या टोकाला आई, डाव्याला अनसूया. आई एक ओळ म्हणायची, अनसूया ती उचलायची. मधे कुठेतरी कावळा, रहाटाची कुरकुर. पुढे आई गेली आणि अनसूयाने गाणं सोडलं. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज पार बसला, ती हळू आणि घोगरं बोलते. तेव्हा ती वीस-बावीस वर्षांची अनसूया आता त्या डाव्या कपात होती, दुसरीकडे कुठेच नव्हती.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नरहरी उठला तेव्हा त्याच्या डाव्या कानाला दडे बसले होते आणि आत शिट्टी वाजत होती. “कालच्या ढोलांनी,” तो म्हणाला. चहा झाल्यावर त्याने हेडफोन चढवले. आईने ओळ म्हटली, अगदी कानाशी. अनसूयाने उचलली, ती मात्र मागच्या खोलीतून.

“अहो, डॉक्टरला दाखवा,” अनसूया त्या दिवशीही म्हणाली आणि तिसऱ्या दिवशीही. पाचव्या दिवसासाठी तिने स्वतः फोन करून वसईच्या कानाच्या डॉक्टरकडे नाव नोंदवलं. नेमका त्याच दिवशी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून निरोप आला, तार गुंडाळायला दिलेला ट्रान्सफॉर्मर तयार आहे, घेऊन जा. नरहरीने तिला नाव रद्द करायला सांगितलं. “सर्दी उतरली की कान आपोआप सुटतो गं. आणि हेडफोनात कमी येतंय तो अ‍ॅम्पचा दोष आहे, मला कळत नाही का?”

आणि त्याच्याजवळ कारण तयार होतं, हीच तर खरी आफत. अडाणी माणूस निमूट डॉक्टरकडे गेला असता. नरहरीचे हेडफोन प्लेनार जातीचे. त्यात स्पीकरसारखा कागदी कोन नसतो. प्लास्टिकचा हवेसारखा पातळ पडदा, त्यावर तारेची नक्षी, आणि बाजूला चुंबक. असे हेडफोन करंट पितात, साध्या अ‍ॅम्पला दाद देत नाहीत. त्यातून त्याचा जुना अ‍ॅम्प सिंगल-एंडेड. म्हणजे दोन्ही कानांना करंट नेणाऱ्या तारा वेगळ्या, पण परतीची तार दोघांत एकच. तिथे एका बाजूचं थोडं दुसऱ्या बाजूत मिसळतं. आई अनसूयाच्या अंगावर सांडते आहे, असं त्याने ठरवून टाकलं. यावर उपाय बॅलन्स्ड अ‍ॅम्प. डाव्या कानाला स्वतःच्या दोन तारा, उजव्याला स्वतःच्या दोन, ताकद जास्त, आणि कुणाची कुणात भेसळ नाही.

रुडॉल्फला हे पटेना. रुडॉल्फ त्याचा शाळेपासूनचा मित्र, चर्चच्या ध्वनिक्षेपकाचं सगळं तोच बघायचा, आणि सिंगल-एंडेडवर त्याची भारी भिस्त.

“तीस वर्षं त्याच अ‍ॅम्पवर तुला वहिनी ऐकू येत होत्या ना?” तो म्हणाला. “दोन भाऊ एका दारातून ये-जा करतातच की.”

“म्हणून तर भांडतात.”

“नरू, परतीच्या तारेतून मिसळून मिसळून किती मिसळणार? माणूस मागच्या खोलीत जाईल एवढं?”

“तुझे कान भोंग्यांनी बधीर झालेत,” नरहरी म्हणाला. बोलला आणि लगेच त्याने विषय बदलला.

पावसाळा सरला, दिवाळी झाली. नरहरी त्या खोलीतून जेवणापुरता बाहेर यायचा. कानातली शिट्टी थांबली नव्हती. खोलीत पंखा लावला की ती थोडी झाकली जायची, म्हणून तो थंडीतही पंखा लावून बसायचा. रस्त्यावर रिक्षा कुठल्या बाजूने आली ते त्याला कळेनासं झालं. एकदा स्कूटरवाला त्याच्या डावीकडून शिव्या देत गेला, त्याच्या फक्त हातवाऱ्यांवरून नरहरीला त्या समजल्या. घरी जेवताना अनसूया नेहमी त्याच्या डाव्या हाताला बसायची. दसऱ्याच्या सुमारास ती उजवीकडे बसू लागली. “इकडे वारा लागतो,” म्हणाली. नरहरीला बरं वाटलं, आणि का बरं वाटलं याचा त्याने विचार केला नाही.

पौषात अ‍ॅम्प तयार झाला. सुंदर झाला होता. आत दोन वेगळे बोर्ड, एका कानाला एक. नरहरीने देवाला नमस्कार करावा तसा त्याला हात लावला आणि हेडफोन चढवले. आई आली, अशी की तिच्या बांगडीचा आवाज यावा. अनसूया मागच्या खोलीतच.

त्या क्षणी तरी त्याने हेडफोन उलटे घालायचे. त्याचे हात कपांपर्यंत गेलेही. पण बोर्ड वेगळे होते ना! जुन्या अ‍ॅम्पमध्ये एकच बटण दोन्ही बाजूंना हाकायचं. इथे डावा बोर्ड एकटा वाढवता येत होता. नरहरीने डाव्या बोर्डावरचा, आवाज किती वाढवायचा ते ठरवणारा रेझिस्टर काढून दुसरा लावला. अनसूया उंबऱ्यापर्यंत आली. त्याने तोही बदलला. ती ओटीवर आली. तिसऱ्यांदा बदलल्यावर ती आईच्या शेजारी येऊन बसली. आवाज थोडा फाटका होता, ओळखीचा नव्हता, पण बसली. नरहरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मीटर लावून दोन्ही बाजू मोजायचा त्याचा नेम. त्या दिवशी मीटर त्याने खणातून काढलाच नाही. रुडॉल्फला फोन केला, “ये. हरलास तू.”

रविवारी चर्चमधली मिसा-प्रार्थना आटोपून रुडॉल्फ आला. अनसूयाने त्याला चहा दिला आणि ती दारातच उभी राहिली. नरहरीने हेडफोन त्याच्या डोक्यावर ठेवले आणि बटण दाबलं.

रुडॉल्फ ओरडलाच. त्याने डावा कप ओढून काढला आणि तळहाताने कान दाबून धरला. “मेलो! नरू, डावीकडून किंचाळतंय हे!”

“काहीतरीच. बरोबर मधोमध आहे.”

“मधोमध?” रुडॉल्फने आवाज अगदी खाली आणून पुन्हा कप कानाला टेकवला. मग त्याने झाकण उघडं असलेल्या अ‍ॅम्पकडे पाहिलं, डाव्या बोर्डावरचं ताजं सोल्डरिंग पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, “बस इथे.”

नरहरी बसला. रुडॉल्फने हेडफोन फिरवले आणि स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यावर ठेवले. उलटे.

उजव्या कानात अनसूया आली. बावीस वर्षांची, खणखणीत, ओळीच्या शेवटी हसू दाबत असलेली. चार महिन्यांत त्याने तिला अशी ऐकली नव्हती. खरं तर कधीच ऐकली नसेल. आणि आई मागच्या खोलीत निघून गेली. दहा सेकंद झाले. नरहरीने हेडफोन काढले नाहीत. तो गाणं संपेपर्यंत तसाच बसला, आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी वसईच्या डॉक्टरने त्याला काचेच्या छोट्या खोलीत बसवून घासून पांढरे पडलेले साधे हेडफोन कानांवर चढवले. त्यांना ना प्लेनारचा पडदा होता, ना चार तारा. पंधरा मिनिटांत त्या हेडफोननी सांगून टाकलं. कागदावर उजव्या कानाची रेघ वर होती, डाव्याची खाली खाली गेलेली.

“कधीपासून?” डॉक्टरने विचारलं.

“विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापासून,” अनसूया म्हणाली.

डॉक्टरने बोटांवर महिने मोजले. “हे असं अचानक होतं, नस जाते. पहिल्या दहा-पंधरा दिवसांत आला असतात तर गोळ्या होत्या, इंजेक्शन होतं. सगळ्यांचं परत येतं असं नाही, पण बऱ्याच जणांचं येतं. आता उशीर झाला. कानाचं मशिन लावून बघू, पण पूर्वीसारखं ऐकू येईल ही आशा ठेवू नका.”

रिक्षात अनसूया आधी त्याच्या डावीकडे बसली. मग उतरली, मागून वळसा घालून उजवीकडे आली. रिक्षा निघाल्यावर ती म्हणाली, “मी नाव रद्द करायला नको होतं.”

“मीच सांगितलं होतं तुला.”

“तरी मी करायला नको होतं,” ती म्हणाली आणि बाहेर पाहू लागली. तिने त्याला दोष दिला असता तर बरं झालं असतं असं नरहरीला वाटलं.

रुडॉल्फ संध्याकाळी येऊन गेला. दोन्ही बाजू एकत्र करून उजव्या कानात सोडायची तार करून देतो म्हणाला. नरहरी म्हणाला, “नको. मग त्या एकमेकींच्या अंगावर बसतील. दोघींमधली ओटी राहणार नाही.”

दोन दिवसांनी दुपारी नरहरीने अ‍ॅम्प उघडला. दुसऱ्या कुणाच्या कानाला तो अपाय करेल असा ठेवणं त्याच्याने होईना. त्याने खणातून मीटर काढला, डाव्या बोर्डावर पहिलाच रेझिस्टर पुन्हा लावला आणि दोन्ही बाजूंचे आकडे जुळवले. मग हेडफोन सरळ घातले, डावा डावीकडे. आईने ओळ म्हटली आणि ती थांबली. अनसूया उठून मागच्या खोलीत गेली. तिला त्यानेच पाठवलं होतं, स्वतःच्या हाताने.

समोर चहाचा कप आला तेव्हा त्याला कळलं की अनसूया केव्हाची डावीकडे उभी होती. ती फिरून उजवीकडे आली.

“काय लावलंय?”

नरहरीने हेडफोन काढून तिच्या कानांवर ठेवले. तिला हे कधीच आवडायचं नाही, वजन लागतं म्हणायची. पण आज ती डोळे मिटून बसली. तिचा एक हात उजव्या कपावर गेला.

“सासूबाई इथे आहेत,” ती तिच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली.

“आणि तू?”

तिने दुसरा हात डाव्या कपावर ठेवला. “ही काय. इथेच.”

नरहरीने मान डोलावली आणि तो मीटरच्या तारा गुंडाळू लागला.