ठेवीतलं माउझर

"आज डोक्याला लावलं असतं मी हे, खोबरेल समजून! बाटली तीच, बूच तेच, आणि आत बंदुकीचं तेल. या घरात माणसाच्या डोक्याला तेल नाही, लोखंडाला आहे."

कीर्तना स्वयंपाकघरात स्वतःशीच पुटपुटत होती. दाराच्या अलीकडे खुर्ची टाकून बसलेल्या मालोजीरावांना ते शब्दन् शब्द ऐकू आलं. पुटपुटणं तमिळमध्ये होतं. बायको महालक्ष्मी होती तोवर घरात मराठी चाले, जुनं तंजावरचं, 'करूनशान, जाऊनशान' म्हणणारं, तमिळचा हेल लागलेलं. फेब्रुवारीत ती गेली आणि बाप-लेक नकळत तमिळवर आले. कुणी ठरवलं नव्हतं. मराठी ऐकलं की स्वयंपाकघराकडे मान वळायची, एवढंच.

"चिठ्ठी लावली होती मी बाटलीवर," ते म्हणाले.

"चिठ्ठी निघून आली. तेलानंच."

मालोजीराव मांडीवरचं पिस्तुलाचं चामडी होल्स्टर महालक्ष्मीच्या सुती साडीच्या तुकड्यानं पुसत राहिले.

आवडी गावच्या सरकारी कारखान्यात त्यांनी हिशेबनीस म्हणून सगळी नोकरी काढली. तिथे रणगाडे बनत. पण रणगाड्याला त्यांचा हात लागे तो आयुधपूजेला, कुंकू लावण्यापुरता. घरी मात्र त्यांचं स्वतःचं छोटंसं लष्कर होतं. वडील दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत गोदामावर होते. तिथून त्यांनी एक जर्मन पिस्तूल आणलं: माउझर, बत्तीस बोअरचं, लाकडी मुठीचं. पुढे रीतसर परवान्यानं ते मुलाकडे आलं. एका पिस्तुलाला कुणी संग्रह म्हणत नाही, आणि दुसरं घ्यायला सरकार परवानगी देत नाही. म्हणून मालोजीरावांनी त्या एकाच्याच सरंजामाला हात घातला. पुढे जळून गेलेल्या मूर मार्केटच्या जुन्या बाजारातून हे होल्स्टर मिळवलं, आत जर्मन शिक्का असलेलं. पेरांबूरच्या एका अँग्लो-इंडियन विधवेकडून नळी साफ करायची सळई. मग जर्मन अक्षरांचा तेलाचा चपटा डबा. तो गळायचा, म्हणून खोबरेलाची बाटली.

"एका नवरीला दागिने तरी किती घालाल?" महालक्ष्मी विचारायची. पण चामड्याला बुरशी धरू नये म्हणून होल्स्टरच्या पुढच्या छोट्या खिशात लवंगा टाकायची ती तीच. त्या लवंगांचा वास कधीच उडाला होता. मालोजीरावांनी त्या बदलल्या नव्हत्या.

निवडणूक आली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात ठेवायची आणि निकालानंतर परत आणायची, हा नेम त्यांनी कितीतरी निवडणुका पाळला होता. यंदा मे महिन्यात मतदान होतं. मार्च लागतो न लागतो तोच, नोटीस निघायच्याही आधी, मालोजीराव पिस्तूल आणि वडिलांच्या वेळच्या हिरवट पडलेल्या गोळ्या ठाण्यात देऊन आले. "सरकारी नोकरीतला माणूस, शिस्तीचा," शेजारचे वेंकटरमण कौतुकानं म्हणाले. मालोजीरावांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं.

निकाल लागला, सरकार बदललं, पण माउझर काही घरी येईना. दर शनिवारी मालोजीराव इस्त्रीचा शर्ट घालून, कापडी पिशवीत होल्स्टर टाकून ठाण्यात जात. हेड कॉन्स्टेबल सुंदरी त्यांना खुर्ची पुसून देई.

"किल्ली इन्स्पेक्टरसारांकडे आहे, सार. आणि सार कोर्टात."

पुढच्या खेपेला सार बंदोबस्तावर असत. मग पिळ्ळैयार चतुर्थीचे गणपती आले. मग कपाटाचं कुलूपच अडकलं. एकदा तर सुंदरी म्हणाली, "कपाटाखाली मांजर व्यालीय, सार, हात लावू देत नाही," आणि तिला स्वतःलाच हसू आवरेना. मग ती कॉफी मागवी. कॉफी गार होईतो मालोजीराव तिला सांगत, की या माउझरची मूठ दोन फळ्यांची नसते, एकाच लाकडाची कोरलेली असते, घोड्यावर खोगीर बसावं तशी ती मागून बसते. ती ऐकून घेई. आठवडाभरातलं त्यांचं बोलणं म्हणजे तेवढंच. परतताना पिशवी हलकीच असे आणि पावलंही. पावलं का हलकी, हे त्यांनी कधी तपासून पाहिलं नाही.

आज सकाळी मात्र ठाण्यातून फोन आला. नवे इन्स्पेक्टर रुजू झाले होते. लोकांच्या ठेवी सांभाळायला हे काय कोठार आहे? आजच्या आज घेऊन जा, असा त्यांचा हुकूम होता.

आणि थोड्याच वेळात, नोकरीसाठी सिरुसेरीला राहणारी कीर्तना दारात.

"आज कशी आलीस?"

"शनिवार आहे, सुट्टी आहे."

"शनिवार दर आठवड्याला असतो."

"म्हणजे आलेलं चालत नाही?" असं म्हणून ती सरळ स्वयंपाकघरात शिरली होती आणि तेलाच्या बाटलीशी तिची गाठ पडली होती. आता हात पुसत बाहेर येऊन म्हणाली, "चला. मीही येते ठाण्यात."

मालोजीरावांनी होल्स्टर पिशवीत टाकलं आणि दोघं ऑटोनं निघाले. ठाण्यात शिरल्यावर सुंदरीनं आज खुर्ची पुसली नाही. ती कीर्तनाकडे बघत म्हणाली, "मी खूप सांगून पाहिलं, कीर्तनाम्मा. ऐकत नाहीत नवे सार."

मालोजीरावांनी दोघींकडे पाहिलं. "तुम्ही ओळखता एकमेकींना?"

"फोनवर," सुंदरी म्हणाली आणि जीभ चावली.

किल्ली, कोर्ट, कुलूप, मांजर. मालोजीरावांना सगळ्याचा उलगडा उभ्या उभ्याच झाला. ते हळूच बाकावर बसले. मांजर तरी खरी असेल असं त्यांना वाटलं होतं.

नव्या इन्स्पेक्टरांनी कापडात गुंडाळलेलं पिस्तूल टेबलावर ठेवलं, शेजारी गोळ्यांची डबी. "तपासून घ्या आणि सही करा."

मालोजीरावांनी कापड उलगडलं. नळीवर गंजाची लाली आली होती. पिशवीतून होल्स्टर काढून त्यांनी पिस्तूल आत सरकवलं. ते आपल्या जागी नीट बसलं. पुढच्या खिशातून एक लवंग टेबलावर पडली.

कीर्तनानं होल्स्टरवर हात ठेवला. "अप्पा, नको."

"का?"

"गंजलंय. राहू दे इथंच."

"गंज तेलानं जातो."

"तेल मी ओतून टाकलं."

"सगळं?"

"सगळं."

"अहो, घेताय की नाही?" इन्स्पेक्टर म्हणाले. "मला मीटिंगला जायचंय."

"दोन मिनिटं, सार," सुंदरी म्हणाली. आजवर तिनं वरिष्ठांना असं कधी थांबवलं नव्हतं.

कीर्तनाचा हात तसाच होता. ती काहीतरी जुळवत होती, तमिळमध्ये जुळेना, इंग्रजीत जुळेना. मग एकदम आईच्या आवाजात, आईच्या बोलीत ती म्हणाली, "मज भ्याव लागते, अप्पा. अम्मा गेल्यापासनं रोज लागते. तुम्ही फोन उचलला नाही की माझे पाय गार होतेत. तुम्ही यानं आपला जीव घ्याल म्हणूनशान मीच सांगितलं यांना, देऊ नका म्हणून."

मालोजीरावांची मान सवयीनं वळली, जणू मागे कुठे स्वयंपाकघर होतं. मग त्यांनी टेबलावरची लवंग उचलून खिशात घातली. होल्स्टरमधून माउझर काढून कापडात गुंडाळलं, गोळ्यांची डबी त्यावर ठेवली आणि दोन्ही सुंदरीकडे सरकवलं. रिकाम्या होल्स्टरचं झाकण लावायला त्यांना वेळ लागला. कीर्तनानं मदत केली नाही, फक्त थांबली.

"मार्चात नोटीस आली नव्हती, कीर्ती," तिच्याकडे न बघता ते त्याच मराठीत म्हणाले. "मजच माझं भ्याव लागलं. म्हणून आणूनशान दिलं मी."